शहाणा मतदार, विकला गेलेला मतदार

२३ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी मी माझ्या वहिनींना फोनवर एक वाक्य बोललो. विधानसभेचा कल स्पष्ट झाला होता, मन कडवटले होते, आणि दादा शेतात असल्यामुळे फोन वहिनींनी उचलला होता. मी म्हणालो, ‘पंधराशे रुपयांत विकले गेलात तुम्ही लोक.’ पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमचा महागाई भत्ता वाढतो तेव्हा तुम्हाला कुणी विकत घेतलं, असं आम्ही कधी म्हटलंय का?’ आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर चार महिने दादाचा मला फोन आला नाही. मीही केला नाही.

हा कौटुंबिक प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे, की त्या वाक्यामागे माझ्या एकट्याचा राग नव्हता. त्या आठवड्यात तेच वाक्य कमीअधिक फरकाने अनेक सुशिक्षित घरांत, आमच्यासारख्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आणि चहाच्या टपऱ्यांवर बोलले गेले. आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, नेमके त्याच मतदारांविषयी, त्याच स्वरात, पण विरुद्ध बाजूच्या लोकांकडून दुसरे एक वाक्य बोलले जात होते.

माझा दादा चांदवड तालुक्यात कांदा पिकवतो. हा तालुका दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतो. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली आणि काही आठवड्यांत बाजार समितीतले भाव जवळजवळ निम्म्यावर आले. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, मतदानाच्या सोळा दिवस आधी, आणि तीही ४० टक्के निर्यात शुल्क आणि किमान निर्यात मूल्य यांची अट घालून. २० मे रोजी मतदान झाले. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार यांचा पराभव झाला आणि व्यवसायाने शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या. तेव्हा मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगत होतो की आमच्याकडचा शेतकरी शहाणा आहे, त्याला कुणी गृहीत धरू नये. समोरच्या टेबलावरचे माझे एक सहकारी, ज्यांच्याशी माझे वाङ्मयीन बाबतीत सहसा मतभेद होत नाहीत, ते म्हणाले, ‘लोक खोट्या प्रचाराला भुलले. संविधान बदलणार म्हणून सांगितलं आणि यांनी विश्वास ठेवला.’ मला त्यांचा संताप आला. माणसे भुलतात, असे म्हणताना आपण त्यांना लहान मूल समजतो, असे मी त्यांना ऐकवलेही.

बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचे मतदान झाले. महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडणाऱ्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. आता भुललेले लोक शहाणे झाले आणि शहाणे लोक विकले गेले. माझे सहकारी मतदारांच्या परिपक्वतेविषयी बोलू लागले आणि मी वहिनींना फोन केला. म्हणजे सहा महिन्यांत माणसे तीच राहिली आणि आम्ही दोघांनी आपापली वाक्ये तेवढी बदलून घेतली.

याला आपल्याकडे परंपराही आहे. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. आणीबाणीच्या विरोधात असलेल्या सुशिक्षितांनी तेव्हा निरक्षर मतदाराच्या उपजत शहाणपणाचे गोडवे गायिले. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातल्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. तिथल्या मतदाराला काय वाटले असेल, हा प्रश्न त्या उत्साहात मागे पडला. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या, तेव्हा जनतेची स्मरणशक्ती अल्प असते हा सिद्धान्त पुढे आला. आपल्या बाजूने कौल लागला की जनता प्रगल्भ आणि विरुद्ध लागला की जनता विसराळू, भाबडी किंवा लोभी, ही मांडणी इतकी जुनी आहे की ती आपल्याला मांडणी वाटतच नाही, निरीक्षण वाटते.

माझ्या मते या मांडणीच्या मुळाशी एक साधा अन्याय आहे. आपल्या मताला आपण विचाराचा दर्जा देतो, समोरच्याच्या मताला आमिषाचा. वहिनींचा महागाई भत्त्याचा प्रश्न मला बोचला तो म्हणूनच. मी नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला प्राध्यापक आहे, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतनाला मुकलेला. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, तेव्हा माझी सगळी सहानुभूती त्या संपाकडे होती. कोणता पक्ष पेन्शनविषयी काय बोलतो याचा माझ्या मतावर परिणाम होत नाही, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. परंतु त्या मागणीला मी ‘हक्क’ म्हणतो. सरकारी तिजोरीतून दरमहा माझ्या खात्यात येणारी रक्कम म्हणजे माझ्या श्रमाचे मोल, आणि वर्षाचे बारा महिने खुरपणी, लागवड, काढणी करून घर सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात आलेले पंधराशे म्हणजे लाच! माझी आकडेमोड हिशेब ठरते आणि तिची लालूच.

इथे कुणी म्हणेल की मग योजनांवर टीकाच करायची नाही का? अवश्य करावी. अर्थसंकल्पात योजना जाहीर होते जूनमध्ये, निवडणूक येते नोव्हेंबरमध्ये, आणि मतदानापूर्वी पाच हप्त्यांचे साडेसात हजार रुपये खात्यात जमा झालेले असतात. या वेळापत्रकाविषयी, पैसा कुठून येणार याविषयी, आणि एकीकडे निर्यातबंदीने घेतलेले दुसरीकडून हप्त्याने परत देण्याच्या राजकारणाविषयी कठोरपणे बोललेच पाहिजे. तसेच जूनमध्ये माझ्या बाजूने केलेल्या प्रचारात किती खरे आणि किती फुगवलेले होते, हेही माझ्या सहकाऱ्यांनी विचारले ते योग्यच होते. पण हे प्रश्न योजना आखणाऱ्यांना आणि प्रचार करणाऱ्यांना विचारायचे आहेत. ते सोडून आपण लाभ घेणाऱ्या बाईला टोमणा मारतो, कारण ती आपल्या फोनच्या टप्प्यात असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळीच मते पोटापाण्याची नसतात. काही मते द्वेषाची असतात. तीही समजून घ्यायची? २०२३-२४ मधला मराठवाडा आठवावा. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी इथे ऑगस्ट २०२३ मध्ये मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच तालुक्यात, तिथून काही किलोमीटरवर असलेल्या वडीगोद्रीत, ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक झाली आणि शेजारच्या बीडमध्ये मते जातीनुसार किती उभी फाटली होती, हे सगळ्यांनी पाहिले. दोन्ही मंडपांतल्या माणसांची भीती एकच होती: शेती पुरत नाही, शिकूनही मुलाला नोकरी नाही, आणि उरलेल्या थोड्या जागा दुसरा घेऊन जाईल. त्या भीतीचे उत्तर मात्र प्रत्येकाला शेजाऱ्यात दिसले.

ही भीती समजून घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या दुकानावरचा बहिष्कार क्षम्य मानणे नव्हे. समजून घेणे आणि सूट देणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. परंतु भीती ओळखली नाही, तर बहिष्काराविरुद्ध बोलायलाही आपल्याकडे शब्द उरत नाहीत. ‘तुम्ही जातीयवादी आहात’ एवढे म्हणून आपण घरी परततो. तो गावात तसाच राहतो, आणि पुढच्या निवडणुकीत त्याची भीती वापरायला कुणीतरी येतोच. चुकीच्या मताला चूक म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण ते मत कशातून आले हे ठाऊक असलेल्या माणसानेच तसे म्हटले, तर ऐकून घेतले जाण्याची थोडीफार शक्यता असते.

मराठीचा अध्यापक म्हणून मला आणखी एका गोष्टीची खंत वाटते. आपल्या राजकीय साहित्यात मतदार कुठे आहे? अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या मराठीत मैलाचा दगड मानल्या जातात. त्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये केलेला चित्रपट आजही लोकांना आठवतो. तिथे मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत, पत्रकार आहे, कामगार पुढारी आहे. सत्ता कशी हलते, हे त्यातून कळते. मतदार मात्र या पटावर जवळजवळ अदृश्य आहे. त्या कादंबऱ्यांचा विषय तो नव्हता, त्यामुळे हा त्यांचा दोष नाही. पण पुढाऱ्याचे अंतरंग उलगडण्यात आपण जेवढा रस घेतला, तेवढा मतदान केंद्राबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या मनात काय चालले आहे, यात घेतला नाही.

याउलट ‘बनगरवाडी’ मी वर्गात शिकवतो, तेव्हा काय करतो? व्यंकटेश माडगूळकरांचा तो कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर येतो. मुले शाळेत येत नाहीत. वस्ती अडाणी आहे, असे म्हणून तो मोकळा होत नाही. मेंढरांमागे कोण जाणार, हा त्यांचा प्रश्न त्याला कळत जातो. कारभाऱ्याशी बोलत, वस्तीचे तंटे ऐकत तो हळूहळू त्यांच्यातला होतो. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगतो, पात्राचा निवाडा करण्याआधी त्याची परिस्थिती वाचा. परीक्षेत या प्रश्नाला मी गुणही देतो. आणि स्वतःच्या वहिनींची परिस्थिती, जी मला लहानपणापासून ठाऊक आहे, ती वाचायला मी एक दुपारसुद्धा थांबलो नाही.

आकडेही मी नीट वाचले नव्हते. लोकसभेत दोन्ही आघाड्यांच्या मतांतले अंतर एक टक्क्याहूनही कमी होते, म्हणजे जूनमध्ये ज्याला मी ‘महाराष्ट्राचा कौल’ म्हणत होतो, त्या महाराष्ट्रातली जवळजवळ तितकीच माणसे दुसऱ्या बाजूला होती. लोकसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झाले, विधानसभेला ६६ टक्के. म्हणजे मतदारांचा समूहही अगदी तोच नव्हता. निर्यात शुल्क सप्टेंबरमध्ये निम्म्यावर आले होते आणि नोव्हेंबरात कांद्याला चांगला भाव होता. ‘लोक असे का वागले?’ या प्रश्नाची इतकी उत्तरे समोर असताना मी त्यातले सर्वांत अपमानकारक तेवढे निवडले.

मार्चअखेर, उन्हाळ कांद्याच्या काढणीच्या वेळी, मी गावी गेलो. दादाने ‘ये’ एवढेच म्हटले. दुपारी चाळीजवळ कांदा निवडत बसलो असताना मी वहिनींची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘दाढ तीन वर्षं दुखत होती. कांद्याचे पैसे आले की सोसायटीचं कर्ज आधी, मग पोरांच्या फिया. दाढेचा नंबर यायचाच नाही. या पैशात ती करून घेतली. कुणाला विचारावं लागलं नाही.’ मग निवडलेला कांदा पाटीत टाकत म्हणाल्या, ‘आणि भाऊजी, मत कुणाला दिलं, ते तुम्ही विचारलंच नव्हतं.’

खरेच, मी विचारले नव्हते. घरात पैसे आले, म्हणजे मत गेले, असे मीच धरून चाललो होतो. त्या दिवशीही मी विचारले नाही. मतपत्रिका गुप्त असते ती काही केवळ पुढाऱ्यांपासून नव्हे. त्यांनी नोव्हेंबरात कुणाला मत दिले, हे मला आजही माहीत नाही. पुढे २०२५ च्या त्याच हंगामात कांद्याचे भाव पुन्हा कोसळले. तेव्हा निवडणूक नव्हती, त्यामुळे दादा शहाणा आहे की भाबडा, याची चौकशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी केली नाही. मी मात्र आता दर रविवारी त्याला फोन करतो, आणि आधी कांद्याचे विचारतो.