धूळ मोजली, पुढे काय?

दोन वर्षांपूर्वी चाळिशीच्या आतला एक रुग्ण माझ्या ओपीडीत आला. मूळचा जालना जिल्ह्यातला, पंधरा वर्षांपासून मुंबईत. खोकला, घटलेले वजन आणि दोन जिने चढले की लागणारा दम. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके होते. असा एक्स-रे पाहिला की आपल्याकडच्या डॉक्टरच्या मनात आधी क्षयरोग येतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरीही मी क्षयाची औषधे सुरू केली. सहा महिने त्याने ती इमानाने घेतली. दम काही कमी झाला नाही. मग पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारला, ‘काम काय करता?’

‘फरशी कापतो साहेब, कटरनं.’

‘पाणी मारून की कोरडीच?’

‘कोरडीच. पाणी मारलं की चिखल होतो, मुकादम ओरडतो.’

त्याला सिलिकोसिस झाला होता. वाळू, खडी, काँक्रीट, ग्रॅनाइट या सगळ्यांत सिलिका असते. दगड कापताना किंवा काँक्रीट फोडताना तिचे अतिसूक्ष्म कण उडतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत पोहोचणारे कण ४ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. तिथल्या संरक्षक पेशी हे कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि हळूहळू फुप्फुसात व्रण साचत जातात. हे व्रण भरून काढणारे औषध नाही. काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच स्फटिकरूप सिलिकेची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली.

हा रुग्ण सहा महिने क्षयाच्या नोंदवहीत होता. धुळीच्या कोणत्याही हिशेबात तो नव्हता. ती चूक माझी होती. पण शहरातल्या धुळीचा हिशेब आपण ज्या पद्धतीने मांडतो, त्यातही हीच चूक आहे.

मुंबईची हवा बिघडल्याची दखल ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. त्याच महिन्यात, २५ तारखेला, महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. मोठ्या प्रकल्पांभोवती ३५ फूट आणि एक एकराहून लहान भूखंडांभोवती २५ फूट उंच पत्रे, इमारतीला ओले कापड किंवा तागाचे आच्छादन, पाण्याची फवारणी, राडारोडा नेणाऱ्या डंपरवर ताडपत्री, फाटकाबाहेर पडण्याआधी चाके धुणे आणि जागेवर हवा मोजणारे सेन्सर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात हवा सतत वाईट राहिली, तेव्हा तिथली बांधकामे थांबवण्याचा आदेशही निघाला. कागदावर आपण मागे नाही.

प्रश्न आहे तो मोजणीचे आपण काय करतो याचा. बहुतेक स्वस्त सेन्सर हवेत प्रकाशकिरण सोडतात आणि कणांवरून तो किती विखुरतो ते पाहतात. धुरातले बारीक कण त्यांना बऱ्यापैकी दिसतात. पाडकामातून उडणारी जाडसर धूळ ते कमी दाखवतात. मुंबईच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, तेव्हा आकडा उलट जास्त येतो. म्हणून प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून वेळोवेळी ताडून पाहिल्याशिवाय या सेन्सरवर भरवसा ठेवता येत नाही. तो लावतात कुठे, हेही पाहायला हवे. फाटकाजवळ, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावलेला सेन्सर दिवसभर समाधानकारक आकडे दाखवील आणि मागच्या चाळीतल्या घरांत धुळीचा थर बसेल. एक सेन्सर वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला ठेवला, तर दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे त्या बांधकामाची धूळ. मग ‘ही धूळ आमची नाही, रस्त्याची आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

दुसरी अडचण सरासरीची. पीएम १० साठी आपले राष्ट्रीय मानक २४ तासांच्या सरासरीला प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना ४५ सांगते. पण पाडकाम २४ तास चालत नाही. सकाळी तीन तास ब्रेकर चालला आणि दम्याच्या मुलाला दुपारी अॅटॅक आला, तर रात्रीच्या शांत हवेने काढलेली सरासरी त्याच्या काय उपयोगाची? ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ एअर क्वालिटी मॅनेजमेंट या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात बांधकामाच्या जागेसाठी तासाभराच्या सरासरीची पातळी दिली आहे. पीएम १० जर १९० च्या वर गेले, तर लगेच कारण शोधायचे आणि ते दूर करायचे. आकडा आणि कृती यांच्यातले अंतर एवढेच हवे, एका तासाचे. महिन्याच्या शेवटी पाठवलेल्या अहवालाने कोणाचाही खोकला थांबत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुंपणावरचा सेन्सर शेजाऱ्यांची हवा मोजतो. पत्र्याच्या आत कटर धरून बसलेल्या माणसाच्या नाकाजवळची हवा कोणी मोजत नाही. पीएम १० चा आकडा त्यात सिलिका किती हेही सांगत नाही. ३५ फुटी पत्र्याने शेजाऱ्यांची धूळ थोडी कमी होते, कामगाराची होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही.

उपाय मात्र साधा आणि जुना आहे. धूळ जिथे उठते तिथेच ती ओली करायची. कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार, ब्रेकरच्या टोकाशी फवारा, भिंत पाडण्याआधी भिजवणे, राडारोडा वरून न फेकता बंद नळातून खाली सोडणे. अमेरिकेच्या २०१६ च्या सिलिका नियमात कामगाराच्या श्वासातल्या हवेसाठी आठ तासांच्या सरासरीला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे आणि कोणत्या यंत्राला पाणी कसे जोडायचे याचा तक्ताही आहे. उगमाशी धूळ बसली की कामगार वाचतो आणि शेजारीही. हवा बिघडल्यावर सरसकट काम बंद करण्याची वेळही मग कमी येते. काम बंद झाले की बिल्डरचे वेळापत्रक लांबते, पण रोजंदारीवरच्या माणसाची त्या रात्रीची चूल अडते.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी आधी व्हायला हव्यात. पाण्याची जोड नसलेला कटर किंवा ब्रेकर जागेवर दिसला, तर तेवढे काम तिथेच थांबवावे. सेन्सरचा चालू आकडा आणि तक्रारीचा क्रमांक रस्त्यावरून वाचता येईल अशा फलकावर असावा. आणि बांधकाम खर्चावरील उपकरातून चालणाऱ्या कामगार कल्याण मंडळाने फरशी कापणाऱ्या, काँक्रीट फोडणाऱ्या कामगारांची दरवर्षी छातीची तपासणी करावी. ‘काम काय करता?’ हा प्रश्न केसपेपरवर छापून घेण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची.

एक काम वाचकांच्याही हातात आहे. आज शहरात गल्लोगल्ली जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या छपरावर अॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतात. ते हातोड्याने फोडले की घातक तंतू हवेत जातात. ते भिजवून अखंड उतरवायला हवेत. सोसायटीच्या सभांत वाढीव चौरस फूट, कॉर्पस, भाडे यांवर महिनोन्महिने खल होतो. त्याच करारात ओले पाडकाम, दोन बाजूंना सेन्सर आणि मर्यादा ओलांडली की काम थांबवणे ही कलमे घालायला बिल्डर नाही म्हणणार नाही, फक्त कोणी तरी मागितली पाहिजेत.

माझ्या त्या रुग्णाने फरशी कापणे सोडले आहे. दर तीन महिन्यांनी तो येतो. फुंकणीच्या तपासणीचा आकडा प्रत्येक वेळी थोडा खाली आलेला असतो. तो आकडा आम्ही दोघेही पाहतो आणि त्यावर करण्यासारखे माझ्याकडे फारसे काही नसते. जे करायचे होते, ते पंधरा वर्षांपूर्वी, एका कटरच्या पात्यावर, थोड्याशा पाण्याने झाले असते.