शस्त्रक्रियेनंतरचे उत्तरदायित्व

गळ्याशी गाठ दिसू लागली की हिंगोली जिल्ह्यातील कष्टकरी घरांत एक तर कर्करोगाच्या धास्तीने हाय खाल्ली जाते, नाही तर दुखत नाही एवढ्याच कारणाने तिच्याकडे वर्षानुवर्षे काणाडोळा होतो. वस्तुतः थायरॉईडच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, आणि सोनोग्राफी, रक्ततपासणी व जरूर पडल्यास सुईने काढलेला नमुना एवढ्यावरून पुष्कळांची शस्त्रक्रिया टळू शकते. मात्र गलगंड श्वासनलिका दाबू लागला, किंवा ग्रंथीचा अतिरिक्त स्राव औषधांना जुमानीनासा झाला, तर ग्रंथी अंशतः अथवा समूळ काढणे हितावह ठरते.

बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी एके काळी प्राणघातक असलेली ही शस्त्रक्रिया निर्धोक केली व १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यांची खरी थोरवी मला १८८३ सालच्या त्यांच्या निवेदनात दिसते. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून त्यांनी तपासले, त्यांच्या देहाला व बुद्धीला आलेले मांद्य जगापुढे निःसंकोच मांडले, आणि निरुपद्रवी गलगंडासाठी ग्रंथी समूळ काढणे सोडून दिले.

आज ग्रंथीची उणीव थायरॉक्सिनची गोळी भरून काढते; परंतु समूळ ग्रंथी गेलेल्या रुग्णाला ती आजन्म, रोज उपाशीपोटी घ्यावी लागते, रक्ततपासणीवरून तिची मात्रा ठरवावी लागते, आणि शेजारच्या चार चिमुकल्या ग्रंथींना इजा पोहोचून रक्तातील कॅल्शियम उतरल्यास हातापायांना मुंग्या व पेटके येतात, त्याची दखल तत्काळ घ्यावी लागते. नांदेडला शस्त्रक्रिया करून सेनगाव वा औंढा नागनाथच्या खेड्यात परतलेल्या मजूर स्त्रीने प्रत्येक तपासणीसाठी रोजगार बुडवून शहर गाठावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कारण प्रवासखर्चापायी गोळी सुटली, तर कोखर यांनी पाहिलेलीच दुरवस्था तिच्या वाट्याला येते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तो कारभार रयतेच्या जवळ यावा म्हणून. तेव्हा आरोग्य खात्याने पाचही तालुक्यांच्या ठिकाणी थायरॉईड व कॅल्शियमच्या तपासणीची आणि अखंड औषधपुरवठ्याची तजवीज करावी, अशा प्रत्येक रुग्णाची नोंद तालुक्याच्या दप्तरी ठेवावी, आणि शल्यचिकित्सकाने ग्रंथी किती काढायची हे ठरविण्यापूर्वी पुढील आयुष्यभराच्या औषधाची कल्पना रुग्णाला तिच्या भाषेत द्यावी. ग्रंथी काढण्याचा अधिकार ज्या व्यवस्थेने स्वीकारला, तिने त्यापुढील आयुष्याचे उत्तरदायित्वही स्वीकारलेच पाहिजे.