कमी गोलांनी हरण्याची विद्या

आशियातील क्लबांची सर्वांत मोठी फुटबॉल स्पर्धा म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीग. २०२३-२४ च्या हंगामात संयुक्त अरब अमिरातींमधला अल ऐन हा संघ तिचा विजेता ठरला. बाद फेरी सुरू झाल्यापासून करंडक हाती येईपर्यंत तो आठ सामने खेळला. त्यांतले चार जिंकला, एक बरोबरीत सोडवला आणि तीन हरला. हे सांगितले तेव्हा माझ्या हाऊसमधल्या सातवीच्या एका कॅडेटने सरळ विचारले, “सर, तीनदा हरले, मग ते बाद कसे झाले नाहीत?” प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर फुटबॉलपुरतेच नाही असे मला वाटते, म्हणून हा लेख.

आधी नियम सांगतो. या स्पर्धेच्या बाद फेरीत अनेक वर्षे दोन संघ एकमेकांशी दोनदा खेळत आले. एक सामना घरच्या मैदानावर, दुसरा परतीचा. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करायची आणि जिची बेरीज मोठी तो संघ पुढे. मी गणिताचा शिक्षक आहे, त्यामुळे ही बेरीज मला फार आवडते. तिच्यामुळे ‘हरलो’ या शब्दाचा अर्थच बदलतो. १-२ असे हरणे आणि ०-४ असे हरणे, तक्त्यात दोन्ही पराभवच. पण परतीच्या सामन्याला उतरताना पहिल्या संघाला एका गोलाची पिछाडी भरून काढायची असते, दुसऱ्याला चार गोलांची. पहिला संघ जिवंत असतो, दुसरा बहुधा नसतो.

आता अल ऐनचे तीन पराभव पाहा. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी रियाधच्या अल नस्रला घरी १-० असे हरवले. परतीच्या सामन्यात अल नस्रने जादा वेळेत त्यांना ४-३ असे हरवले. बेरीज ४-४ झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अल ऐन ३-१ असा सुटला. उपांत्य फेरीत समोर अल हिलाल होता, सलग ३४ सामने जिंकून आलेला. अल ऐनने सोफियान रहिमीच्या तीन गोलांच्या जोरावर घरी ४-२ असा विजय मिळवला. रियाधला ते १-२ असे हरले, पण बेरीज ५-४ अशी त्यांच्या बाजूने राहिली. अंतिम फेरीत जपानच्या योकोहामा एफ मारिनोसकडून ते पहिला सामना १-२ असे हरले आणि घरी परतल्यावर ५-१ असे जिंकले. बेरीज ६-३. तिन्ही पराभव एकेका गोलाचे होते. त्यांतला एक जरी मोठा असता तरी करंडक दुसऱ्याकडे गेला असता.

याहून बोलके उदाहरण २०१४ चे आहे. वेस्टर्न सिडनी वाँडरर्स हा क्लब २०१२ मध्ये स्थापन झाला आणि अवघ्या दोन वर्षांत ही स्पर्धा जिंकणारा पहिला ऑस्ट्रेलियन क्लब ठरला. बाद फेरीच्या पहिल्याच लढतीत ते जपानमध्ये सानफ्रेचे हिरोशिमाकडून १-३ असे हरले. घरी २-० असे जिंकले आणि बेरीज ३-३ झाली. त्या काळी नियम होता की बेरीज सारखी असेल तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जाईल. म्हणजे हिरोशिमाच्या पराभवातल्या त्या एका गोलाने त्यांना तारले. पुढच्या फेरीत गतविजेत्या ग्वांगझू एव्हरग्रँडला त्यांनी घरी १-० असे हरवले, चीनमध्ये १-२ असे हरले आणि पुन्हा परक्या मैदानावरच्या एका गोलाने सुटले. अंतिम फेरीत अल हिलालविरुद्ध घरी १-०, मग रियाधला साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर ०-०. गोलरक्षक आंते चोविचने त्या रात्री जे अडवले ते अडवले नसते, तर आज वाँडरर्सचे नाव कुणी काढले नसते.

हिरोशिमाच्या त्या संध्याकाळचा विचार करा. परक्या देशात तुम्ही सामना हरत आहात, प्रेक्षक दुसऱ्यांचे आहेत, पाय जड झाले आहेत. आता या सामन्यात काही उरले नाही असे अकरांपैकी चौघांना जरी वाटले असते, तरी तो गोल झाला नसता किंवा चौथा गोल अंगावर बसला असता. त्या संघाने सामना गमावला, पण लढत गमावली नाही. हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येते, असे माझे ठाम मत आहे. आपण मात्र ते शिकवत नाही.

आपल्याकडे बाद फेरी आली की एकच घोषणा ऐकू येते, ‘करो या मरो’. फलकावर लिहिली जाते, सिनियर कॅडेट ती ज्युनियरांच्या कानीकपाळी ओरडतात. ऐकायला आवेशाची वाटते, पण मैदानावर तिचा परिणाम मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. आपला संघ एका गोलाने मागे पडला की चालून जाते. दुसरा गोल बसला की ‘करो’ संपले असे समजून मुले थेट ‘मरो’कडे वळतात. बचावफळी जागा सोडून पुढे धावते. मधल्या फळीतले दोघे एकमेकांना दोष देऊ लागतात. गोलरक्षक, ज्याने ओरडून सगळ्यांना जागेवर आणायचे, तोच गप्प होतो. बुडत्याचा पाय खोलात तसे ०-२ चे ०-५ होतात. सामना संपल्यावर कॅप्टन सांगतो, “सर, आम्ही शेवटपर्यंत अटॅक केला.” तो अटॅक नसतो, अवसान गळाल्यावरची धावपळ असते.

लष्करी शाळेत तरी हा फरक कळायला हवा. आगेकूच, हल्ला, बचाव आणि माघार ही चारही युद्धाची अंगे म्हणून सैनिकी शिक्षणात शिकवली जातात. माघार म्हणजे पळणे नव्हे. कोणत्या तुकडीने आधी निघायचे, कोणी थांबून शत्रूला रोखायचे, पुढची फळी कुठे धरायची, हे सगळे ठरवून केलेली हालचाल म्हणजे माघार. शिर सलामत तर पगडी पचास ही म्हण भित्र्या माणसाने केलेली नाही. दोन गोलांनी मागे असलेल्या संघाने पाच मिनिटे चेंडू आपल्याकडे ठेवणे, फळी पुन्हा जुळवणे, तिसरा गोल होऊ न देणे, ही त्याच जातीची हालचाल आहे.

नुकसान वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे राग. २०२४ च्या अंतिम फेरीचा परतीचा सामना घ्या. मध्यंतराच्या तोंडाशी अल ऐन २-१ असा पुढे होता, दोन्ही सामन्यांची बेरीज ३-३ होती. लढत अगदी बरोबरीत असताना योकोहामाच्या गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले आणि त्यांचे दहाच जण उरले. उत्तरार्धात तीन गोल बसले. आपल्या बेंगळुरू एफसीलाही २०१६ मध्ये असाच चटका बसला. एएफसी कप या आशियातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिल्या पसंतीचा गोलरक्षक अमरिंदर सिंग कार्डांमुळे निलंबित होता. ललथुअम्मविया राल्टे त्याच्या जागी उभा राहिला. गोलांची बेरीज होते तशी कार्डांचीही होते आणि तो हिशेब पुढच्या सामन्यात चुकता करावा लागतो.

माझे काही सहकारी म्हणतील की परतीचा सामना असेल तर हे ठीक आहे, पण रणांगणावर परतीचा सामना नसतो. आक्षेप रास्त आहे. खुद्द आशियाई स्पर्धेनेही आता तसे केले आहे. २०२४-२५ पासून उपांत्यपूर्व फेरीपुढचे सगळे सामने एकाच ठिकाणी, जेद्दाला, एकेकदाच खेळवले गेले. त्यात दक्षिण कोरियाच्या ग्वांगजू संघाची गोष्ट पाहण्यासारखी आहे (चीनमधल्या ग्वांगझूशी गल्लत नको). आधीच्या फेरीत जपानच्या व्हिसेल कोबेकडून ते ०-२ असे हरले, घरी जादा वेळेत ३-० असे जिंकले आणि पुढे गेले. जेद्दाला अल हिलालसमोर मात्र ०-७. तिथे दुसरी संधी नव्हती, असे कुणी म्हणेल.

पण एकाच सामन्यातही नव्वद मिनिटे असतातच. २०१६ च्या बेंगळुरूकडेच पुन्हा पाहा. उपांत्य फेरीत गतविजेत्या मलेशियन जोहोर दारुल ताझिमशी त्यांनी परक्या मैदानावर १-१ अशी बरोबरी केली होती. बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर पाहुण्यांनीच आधी गोल केला. घरच्या संघाने घाई केली नाही. सुनील छेत्रीने मध्यंतराआधी बरोबरी साधली, नंतर आणखी एक गोल केला, तिसरा हुआननने केला आणि सामना ३-१ असा जिंकला. एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब. दोहाच्या अंतिम सामन्यात समोर होता इराकचा अल-कुवा अल-जाविया. नावाचा अर्थच ‘हवाई दल’. १९३१ साली स्थापन झालेला हा इराकी हवाई दलाचा क्लब. हम्मादी अहमदने सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास गोल केला आणि सामना १-० असा संपला. बेंगळुरू हरले, पण शेवटची शिटी वाजेपर्यंत एका गोलाच्या अंतरावर होते. एका गोलाच्या अंतरावर असणाऱ्याला दैवही मदत करू शकते. पाच गोलांनी मागे असणाऱ्यासाठी तेही काही करू शकत नाही.

आता पालकांशी थोडे बोलायचे आहे. आपल्या मुलांची सर्वांत मोठी बाद फेरी कोणती, हे आपण जाणता. एनडीएची लेखी परीक्षा एका दिवसात दोन सत्रांत होते. सकाळी गणित, ३०० गुण. दुपारी सामान्य क्षमता चाचणी, ६०० गुण. मधे दीड तास. दरवर्षी काही हुशार मुले गणिताचा पेपर देऊन उतरलेल्या चेहऱ्याने बाहेर येतात. दहा उदाहरणे सुटली नाहीत, ते दहा प्रश्न डोक्यात घेऊन ती दुपारी बसतात आणि दुप्पट गुणांचा पेपर अर्ध्या मनाने देतात. पहिला सामना ०-१ असा हरलेला संघ परतीच्या सामन्याला उतरतच नाही, असेच म्हणायचे हे.

त्याहून वाईट म्हणजे सकाळच्याच पेपरात शेवटच्या दहा मिनिटांत हातघाईवर येणे. गणितात बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याची एक तृतीयांश वजावट. प्रश्न न वाचता गोळे काळे करणारा मुलगा ०-२ नंतर जागा सोडून धावणाऱ्या बचावपटूसारखाच असतो. प्रत्येक विषयात किमान गुणांची अट असल्याने इथे मोठा पराभव खरोखरच बाद करतो. छोटा पराभव करत नाही. येत नाही तो प्रश्न शांतपणे सोडणे आणि येतो तो नीट सोडवणे, हीसुद्धा कमी गोलांनी हरण्याचीच विद्या आहे.

म्हणून विनंती अशी की परीक्षा केंद्राच्या फाटकाशी त्या दीड तासात ‘किती बरोबर आले?’ हा प्रश्न विचारू नका. डबा द्या, पाणी द्या, सावलीत बसवा. बेरीज संध्याकाळी करता येते.

हे सगळे शिकवले तर मुले हरण्यावर समाधान मानू लागतील, अशी भीती कुणाला वाटेल. मला ती वाटत नाही. अल ऐनने योकोहामाचा १-२ हा आकडा घरी नेला तो भिंतीवर टांगायला नव्हे, त्याच्या बळावर पाच गोल करायला. कमी हरणे हे जिंकण्याच्या हिशेबातले पहिले पान आहे. ते फाडून टाकले की पुढची पाने लिहिताच येत नाहीत.

शेवटी एक प्रत्यक्ष सूचना. आपल्या इंटर-हाऊस फुटबॉलचे उपांत्य सामने एकेकदाच होतात, आणि हरलेला संघ त्याच संध्याकाळी बूट धुऊन ठेवतो. यंदा ते दोन रविवारी, दोन-दोनदा खेळवावेत. चार हाऊस, दोन लढती, म्हणजे फक्त दोन सामने वाढतील. पहिल्या रविवारी हरलेल्या संघाला सात दिवस मिळतील. त्या सात दिवसांत त्यांचा कॅप्टन काय करतो, संध्याकाळच्या सरावाला किती जण येतात, राखीव खेळाडू किती कसून पळतात, हे क्रीडा प्रशिक्षकांनी आणि आम्हा हाऊसमास्तरांनी पाहावे. ट्रॉफी कुणाला मिळाली यापेक्षा त्या आठवड्यातून आपल्याला आपले कॅडेट जास्त कळतील.