बोका घरात, मासे पेटीत

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षेचा निकाल लागला की आपल्या गिरगाव-लालबागकडच्या घरांत एक पाहुणा हमखास येतो. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेली काचेची पेटी आणि पाण्याच्या पिशवीतले रंगीत मासे! १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात आपणही लहानपणी काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या असतो, त्यामुळे मुलांना नाही म्हणवत नाही. पेटी येते, दिवा लागतो, मासे पोहू लागतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की अगंबाई, घरात मांजर आहे!

मग ठरलेलं वाक्य येतं. "त्या बोक्याला पिशवीत घाला आणि मासळी बाजारात सोडून या. खाऊन-पिऊन मजेत राहील."

तो मजेत राहत नाही हो. मांजर आपल्या जागेला धरून राहणारं जनावर. तिथली मांजरं नव्याला उभं करत नाहीत आणि ताटलीत आयतं खाल्लेल्याला स्वतःचं पोट भरणं जमत नाही. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. शिवाय मुलं बघत असतात. शाळेत शिकवते म्हणून सांगते, आपण काय बोललो ते मुलं विसरतात, काय केलं ते विसरत नाहीत. नव्या जिवासाठी जुना टाकून द्यायचा, हा धडा त्यांना कशाला द्यायचा?

दोघंही एका खोलीत नांदू शकतात. आपल्या आज्यांनी दुधा-लोण्यासाठी मांजर हाकललं नाही, शिंकं टांगलं. शिंक्याचं तुटलं तरच बोक्याचं फावतं!

तेव्हा आधी जागा ठरवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५६ किलो. वर काच आणि वाळू. हे ओझं टीपॉयवर किंवा फ्रिजवर ठेवायचं नाही. भक्कम लोखंडी स्टँड घ्यावा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घालावी, म्हणजे भार सगळीकडे सारखा पडतो. अशी पेटी मांजराच्याने हलत नाही. कलंडतं ते गोल काचेचं भांडं, आणि कमी पाण्यामुळे ते माशांनाही वाईटच. पेटीवर थेट ऊन नको, शेवाळ धरतं.

मग झाकण. दोन बोटांची फट दिसली की पंजा आत गेलाच म्हणून समजा. दिव्यामुळे झाकण उबदार होतं आणि मांजर त्यावर बसायला बघतं, म्हणून ते चार-पाच किलो पेलणारं, कडीने बसणारं असावं. हवेच्या भोकांना बारीक जाळी लावावी. फायटर, स्वोर्डटेल असे मासे उड्या मारतात, त्यांनाही झाकण हवंच. पंपाची वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोल देऊन न्यावी, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगात शिरत नाही.

आता बोकोबांचं पोट. नुसत्या दूध-पोळीवर मांजराचं भागत नाही. त्याला टॉरीन नावाचं द्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर हळूहळू दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. मासळी उकडून, काटे काढून द्यावी. मसाला, कांदा, लसूण अजिबात नको, कांदा-लसूण त्याला बाधतो. शाकाहारी घरात मांजरांसाठीचं तयार खाद्य आणावं. आणि त्याला बसायला खिडकीत किंवा कपाटावर स्वतःची जागा द्यावी.

एवढं केलंत की मांजराची भीती बरीचशी संपली. तरीही मासे मेले, तर त्या बिचाऱ्याच्या नावाने खडे फोडू नका! बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून सकाळी भरलेली बादली चोवीस तास उघडी ठेवून मगच ते पाणी वापरावं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या पेटीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तीन-चार गप्पी पुरेत. आठवड्याला पाव पाणी, म्हणजे साधारण बादलीभर बदलावं. सगळी पेटी एकदम घासूनपुसून लख्ख केली की ते जिवाणूही जातात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकावं. आपल्या मुंबईच्या हवेत हीटर सहसा लागतच नाही.

एक धोका मात्र दोघांनाही सारखाच आहे. डास-झुरळांच्या पुष्कळ फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात आणि ती माशांना अत्यंत विषारी असतात. हवेचा पंप खोलीतली तीच हवा पाण्यात ओढतो! त्याच जातीचं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. म्हणून कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. फवारणी करावीच लागली तर पंप बंद करा, पेटी प्लॅस्टिकने झाका, मांजराला दुसरीकडे न्या आणि खोली पुरेशी मोकळी झाल्यावरच पंप सुरू करा. मांजर लाळ गाळू लागलं, थरथरू लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, नाहीतर जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

पहिला महिनाभर, घरात कुणी नसेल तेव्हा पेटीच्या खोलीचं दार लावून घ्या. दार लावणं जमणार नसेल तर पेटीवर चादर टाका. मासे दिसले नाहीत की मांजर फारसं घुटमळत नाही.

आणि ती पिशवी? ती बाजारात न्याच, पण बोक्यासाठी बांगडा आणायला!