उड्डाणाआधीची सही

15 जून 2023 रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी पाडली गेली. विमानसेवेसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्यांना त्या दिवशी हायसे वाटले. कारखान्याला ऊस घालणाऱ्या सभासदांच्या डोळ्यांत पाणी आले. दोघांचेही मन समजण्यासारखे होते. विमान ज्या तिरक्या वाटेने धावपट्टीवर उतरते, तिच्या आसपास किती उंच बांधायचे याचे नियम ठरलेले असतात. ही चिमणी त्या नियमांत बसते का, हा प्रश्न ती उभी राहण्याआधीच निकाली निघायला हवा होता. तसे झाले नाही आणि त्याची किंमत शहराने व शेतकऱ्यांनी मिळून मोजली.

पुढे 9 जून 2025 रोजी होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची नियमित सेवा सुरू झाली. फ्लाय 91 कंपनीचे पंख्याचे एटीआर विमान उतरले, सत्कार झाले, पहिल्या प्रवाशांचे फोटो छापून आले. तीनच दिवसांनी, 12 जूनला, अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळले. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. मृतांमध्ये सांगोला तालुक्याशी नाळ असलेले एक दांपत्यही होते. विमान मिळाल्याचा आनंद आणि विमानाचे भय, दोन्ही सोलापूर जिल्ह्याने एकाच आठवड्यात अनुभवले. म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाची सुरुवात या विषयाने.

अहमदाबादच्या अपघाताचा अंतिम अहवाल अजून यायचा आहे आणि तोवर कुणाला दोषी धरणे अन्याय्य ठरेल. पण जुलैमध्ये आलेल्या प्राथमिक अहवालातली एक नोंद थांबून वाचावी अशी आहे. इंजिनाचा इंधनपुरवठा चालू-बंद करणाऱ्या स्विचना चुकून हलू नयेत म्हणून खटका असतो. काही बोइंग विमानांत हा खटका निकामी अवस्थेत बसवला गेल्याचे आढळल्यावर अमेरिकी नियामकाने डिसेंबर 2018 मध्ये तपासणीची सूचना काढली होती. ती सल्लावजा होती, बंधनकारक नव्हती. म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. अपघाताचा याच्याशी संबंध आहे, असे अहवाल म्हणत नाही. मात्र अहवालानंतर दोनच दिवसांत भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, या स्विचांची तपासणी 21 जुलैपर्यंत पुरी करण्याचा आदेश दिला आणि एअर इंडियाची तपासणी त्या मुदतीतच उरकली. तीत काही गैर आढळले नाही. सहा-साडेसहा वर्षे ऐच्छिक राहिलेले काम आठवडाभरात होण्यासारखे होते, हे मात्र दिसून आले.

विमानाची देखभाल म्हणजे नेमके काय, याची कल्पना प्रवाशाला सहसा नसते. दुरुस्ती संपली की परवानाधारक अभियंता ‘हे विमान उड्डाणास योग्य आहे’ अशा दाखल्यावर सही करतो. त्या सहीशिवाय विमान उड्डाण करू शकत नाही. वैमानिकाला काही बिघाड जाणवला तर तो टेक लॉगमध्ये लिहितो आणि अभियंत्याला त्याचे उत्तर त्याच वहीत द्यावे लागते. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा असतो. पाळी संपताना एक खाचा रिकामा दिसला, तर तो पाना सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही. कुणी वरिष्ठ घाई करत असला तरीही नाही.

हे कागदावर पक्के आहे. प्रत्यक्षात? अहमदाबादनंतर डीजीसीएच्या पथकांनी दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर पाहणी केली आणि 24 जूनला तिचे निष्कर्ष जाहीर केले. तेच ते बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवत होते. देखभालीच्या वेळी कामाच्या लेखी आदेशाप्रमाणे काम होत नव्हते, हत्यारांचा हिशेब ठेवला जात नव्हता. विमानाच्या यंत्रणेने स्वतःहून नोंदवलेले दोष काही ठिकाणी टेक लॉगमध्ये उतरलेच नव्हते. झिजलेल्या टायरमुळे एक उड्डाण रोखावे लागले. सोलापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावी अशी नोंद पुढेच आहे: एका विमानतळाभोवती नवी बांधकामे उठली असताना अडथळ्यांची माहिती तीन वर्षे अद्ययावत झालेली नव्हती आणि सर्वेक्षणही झाले नव्हते.

लहानशा कसुरीने काय होते, ते 1990 च्या जूनमध्ये इंग्लंडात दिसले. बर्मिंगहॅमच्या हँगरमध्ये रात्रपाळीला माणसे कमी, म्हणून पाळीप्रमुखाने विमानाची समोरची काच स्वतःच बदलली. काढलेला बोल्ट हातात धरून त्याने नजरेच्या अंदाजाने तसेच बोल्ट शोधले. बोल्टचा नंबर सुट्या भागांच्या सूचीत पडताळला नाही. स्टोअरच्या माणसाने वेगळा नंबर सांगितला होता. नव्वदपैकी 84 बोल्टांचा व्यास हवा त्यापेक्षा पाऊण मिलिमीटरहूनही कमी अंतराने बारीक भरला. पुढच्या उड्डाणात सतरा हजार फुटांवर काच निसटली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला पायांशी धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले, सगळे वाचले. तो पाळीप्रमुख बेफिकीर नव्हता. अनुभवी होता, काम उरकण्याची धडपड होती. अनुभवी माणसाच्या सवयीवरच सारे सोपवायचे नसते, म्हणून तर दुसऱ्या डोळ्यांनी तपासण्याचा नियम असतो.

मागावर धागा तुटला तर विणकर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा सुरू करतो. विमानाला ही सोय नाही. त्यामुळे ‘आज उड्डाण रद्द, तांत्रिक कारण’ अशी पाटी दिसली की काउंटरवर आवाज चढवण्याची सवय आता सोलापूरकरांनी लावून घेऊ नये. विमान उशिरा सुटेल, हरकत नाही. पण ‘उडू द्या, पुढे बघू’ म्हणणारा दबाव त्या सहीवर प्रवाशाकडून तरी येऊ नये. बिघाड वेळेवर लिहिणाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी त्यामुळे धोक्यात येणार नाही, याची हमी मात्र कंपन्यांनी आणि डीजीसीएने द्यायला हवी.

उरलेले काम शहराचे आहे. विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला नियमांची मनाई आहे, कारण त्यावर घारी जमतात. जवळच्या होटगी तलावावर थंडीत स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांना दोष देता येत नाही, कचऱ्याच्या ढिगांना देता येतो. दिवाळीत सोडले जाणारे उडते कंदील आणि संक्रांतीचा नायलॉन मांजा यांना होटगी रोडच्या आसपास जागा नसावी. महापालिकेने आणि विमानतळ प्राधिकरणाने अडथळ्यांचे सर्वेक्षण दरवर्षी करून त्याचा निकाल शहरासमोर मांडावा. कुणाचा मजला, टॉवर किंवा होर्डिंग वाढत असेल, तर ते पाया खणतानाच कळावे. चिमणीच्या वेळी जे वेळेवर कुणी बोलले नाही, ते यापुढे वेळेवर बोलले जावे, एवढीच या अंकाच्या पहिल्या पानावरून मागणी.