जिद्दीलाही दोन वेळचे जेवण लागते

दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डी, आष्टी, केज या पट्ट्यातल्या गावांत ऊसतोडीला नेणारे ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत आधी पत्र्याच्या पेट्या चढतात. मग पिठाचे डबे, गोधड्या, फडावरच्या कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, ताडपत्री आणि बांबू, एखादी शेळी, कोंबड्यांचे खुराडे. सगळ्यात शेवटी माणसे चढतात, त्यांच्या मांडीवर आणि पेट्यांच्या मधल्या जागेत मुले बसतात. शाळेचे पहिले सत्र नुकते संपलेले असते. दप्तर कधी पेटीत कोंबले जाते, कधी आजीच्या घरात खुंटीला लटकत राहते. ते कुठे राहिले यावर त्या मुलाचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरते.

दहा-पंधरा वर्षांनी याच गावांतून कधीतरी एक बातमी येते. ऊसतोड मजुराचा मुलगा फौजदार झाला, मुलगी तहसीलदार झाली. गुलाल उधळला जातो, आईबापाच्या हातात पेढा आणि गळ्यात हार असलेला फोटो छापून येतो. बातमी खरी असते, आनंदाचीही असते. मजकुरात जिद्द, चिकाटी, हलाखी, आईचे कष्ट हे सारे असते. फक्त एक ओळ बहुतेक वेळा गळलेली असते: एवढी वर्षे हे पोर राहिले कुठे आणि जेवले कुठे?

या ओळीत सगळी मेख आहे. गरिबाघरची मुले कष्टाला कधीच कमी पडली नाहीत. जी पुढे गेली, त्यांतल्या अनेकांना अडनिड्या वयात कुणीतरी घराबाहेर एक खाट आणि दोन वेळचे जेवण दिले होते. वर चढण्याच्या प्रत्येक कहाणीत असा एखादा आधार कुठे ना कुठे सापडतो.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले सामोडे हे डॉ. राजेंद्र भारूड यांचे गाव. भिल्ल कुटुंब, वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. दारू प्यायला आलेले लोक या पोराला चखणा आणायला पिटाळायचे आणि हातावर चार पैसे ठेवायचे. त्यातून वह्यापुस्तके यायची. हा भाग लोक हौसेने सांगतात. पुढचा भाग तेवढाच महत्त्वाचा आहे. मुलगा हुशार आहे, याला बाहेर शिकू द्या, हे गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी आईला सांगितले आणि त्याला नवोदय विद्यालयात प्रवेश मिळाला. 1986च्या शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या या शाळा निवासी आहेत. तिथे राहणे, जेवणे, गणवेश, पुस्तके सगळे मोफत, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. त्या दारातून गेलेला मुलगा मुंबईत एमबीबीएस झाला, आयएएस झाला आणि नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून कोरोनाच्या लाटेत त्याने वेळेवर उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांची देशभर दखल घेतली गेली. आईचे काळीज आणि मुलाची बुद्धी यांचे मोल कमी नाहीच. पण सहावीत ती खाट मिळाली नसती तर?

डॉ. रघुनाथ माशेलकरांचेही तसेच. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्म, वडील लहानपणीच गेले, आई मुंबईत पडेल ते काम करून मुलाला वाढवत होती. महापालिकेची शाळा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, बारा वर्षांचे होईपर्यंत पायांत चप्पल नाही. 1960 साली मॅट्रिकला ते बोर्डात अकरावे आले, तरीही पुढचे शिक्षण सोडण्याची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना 60 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते शिकले. पुढे देशातल्या वैज्ञानिक संशोधनाची सर्वात मोठी संस्था सीएसआयआर त्यांनी सांभाळली, रॉयल सोसायटीचे ते फेलो झाले. ही थोरवी एकदा साठ रुपयांशी अडली होती, हे माशेलकर स्वतः अनेक भाषणांतून सांगत आले आहेत.

आनंद यादवांची ‘झोंबी’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना कागलचे ते घर आठवत असेल. बापाने पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपलेले, पोराच्या मनातून शाळा काही जात नाही. शेवटी माय आणि लेक गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात, देसाई बापाला बोलावून खडसावतात आणि पोर पुन्हा पाचवीत जाऊन बसते. मराठीतला एक मोठा लेखक, पुण्याच्या विद्यापीठातला प्राध्यापक, गावच्या एका वजनदार माणसाने त्या दिवशी शब्द टाकला म्हणून शाळेत परतू शकला. ज्या गावात असा देसाई नव्हता, तिथल्या पोरांनी ‘झोंबी’ लिहिलीच नाही. त्यांचे आयुष्य मोटेमागे गेले.

एका माणसाच्या भल्या मनावर हे सोडून चालणार नाही, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वीच काहींनी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मग जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती, अशी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा दिसते, पण पाठ टेकायला जागा नसते, ही अडचण त्यांना नेमकी कळली होती. कोल्हापुरातच शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवायची आणि राबून आपले शिक्षण मिळवायची. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. आज गल्लीगल्लीत अकादमी आहे, पण रयतची सुरुवात पाहिली तर तिथे शिकवण्याइतकीच चूलही मोठी होती. पुण्यात 1955 साली अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहायक समिती हाच धागा पुढे नेत आली.

आता पुन्हा उसाच्या फडात येऊ.

ऊसतोडीच्या हिशेबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी या जोडीला उचल देतो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, ती उचल तोडून फेडायची असते. एक दिवस आजारी पडले तरी खाडा, आणि खाड्याचा दंड. पहाटे अंधारात उठायचे, ऊस तोडायचा, पाचट काढून मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. कधी गाडी रात्रीची येते, मग रात्रीच भरायची. अशा वेळी कोपीत तान्ह्याला कोण सांभाळणार? आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण. ती सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करून विकते. पाच-सहा महिन्यांनी गावी परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. दोन हंगाम असे गेले की तिचे नाव पटावर असते, ती नसते.

मुलीला गावात ठेवावे तर वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी सोडायची, ही धास्ती आईबापाला पोखरते. मग लग्न उरकले जाते, नवा कोयता तयार होतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी 18 पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के होते. बीड जिल्ह्यात ते 43.7 टक्के होते. या आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पोरीला सहा महिने निर्धास्तपणे ठेवता येईल अशी जागा त्यांना तालुक्यात दाखवा आणि मग बोला.

अशा जागेचा विचार सरकारी कागदावर झालेला आहे. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय काढली गेली. 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली: ऊसतोड मजुरांचे प्रमाण मोठे असलेल्या 41 तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी 82 वसतिगृहे. कल्पना उत्तम आहे, गरजेला धरून आहे. पण वसतिगृह मंजूर झाल्याने पोराचा हंगाम वाचत नाही. इमारत, गृहपाल, स्वयंपाकी, मुलींच्या वसतिगृहावर रात्रीची पहारेकरीण आणि जेवणाची वेळेवर निघणारी बिले, एवढे जमते तेव्हाच आई ट्रॅक्टरमध्ये चढताना लेकीचा हात सोडते.

जेवणाचा प्रश्न वाटतो तितका छोटा नाही. 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात भरण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुलैच्या पावसात विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. खात्यात पैसे येणार असतील तर तक्रार कसली, असे तेव्हा अनेकांना वाटले. ज्याने गरिबी पाहिली आहे त्याला ती तक्रार लगेच कळते. घरी बाप आजारी असेल, बहिणीची फी भरायची असेल, तर खात्यातले पैसे घरी जातात आणि पोर वडापाववर दिवस काढते. ताटातली भाकरी मात्र कुणाला पाठवता येत नाही, ती खावीच लागते.

2024-25पासून राज्याने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. चांगला निर्णय आहे. पण फी माफ झालेल्या मुलीला शहरात कॉट बेसिसचे भाडे आणि मेसचे पैसे दर महिन्याला भरावेच लागतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत. हप्ता उशिरा येतो, ही विद्यार्थ्यांची तक्रारही आहे. मेसवाला उशीर चालवून घेत नाही. सहामाहीच्या तोंडावर गाव गाठणाऱ्या पोरांत नापास झालेली थोडी असतात, मेसची बाकी भरता न आलेली जास्त.

ज्याच्यात धमक आहे तो कसाही पुढे जातो, असे यावर ठामपणे सांगणारे भेटतात, आणि त्यांत स्वतः वर आलेलेही असतात. त्यांच्या कष्टांना नमस्कारच आहे. पण त्यांनी आपल्या वर्गाचा जुना फोटो एकदा काढून पाहावा. त्यातली किती मुले त्यांच्याइतकीच हुशार होती आणि आज कुठे आहेत? त्यांची धमक कमी नव्हती. कुणाची सोय झाली, कुणाची झाली नाही.

वर येण्याची आणखी एक किंमत आहे, ती कुठल्याच योजनेत बसत नाही. शहरातल्या पहिल्याच वर्षी पोराच्या तोंडचे ‘पानी’ सुधारून ‘पाणी’ केले जाते, कुणी हसते, आणि ते पोर वर्गात बोलायचेच थांबते. पुढे नोकरी लागते, भाषा बदलते, आणि गावी गेल्यावर आई त्याला पाहुण्यासारखा वेगळा कप काढते. ज्या घरासाठी शिकलो त्या घरात आपण परके झालो, हे दुःख दलित आणि ग्रामीण आत्मकथनांनी मराठीला फार पूर्वी सांगितले आहे. वसतिगृहात बरोबरीची, त्याच बोलीची चार मुले भेटतात तेव्हा हे ओझे हलके होते. आपल्या आईच्या कामाची लाज वाटू नये, हे पोर तिथे शिकते.

म्हणून पुढच्या वेळी गुलालाची बातमी वाचाल तेव्हा त्या मुलाचे वसतिगृह कोणते होते, हे विचारा. जे कधीकाळी अशा खाटेवर झोपून शिकले आणि आज खुर्चीवर आहेत, त्यांनी आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात एकदा जेवायच्या वेळी जाऊन यावे. ताट पाहावे, मुलींच्या न्हाणीघराच्या दाराला कडी आहे का ते पाहावे, रिकाम्या खाटा मोजाव्यात. लोकप्रतिनिधींनी दसऱ्याच्या आत आपल्या तालुक्याची यादी जाहीर करावी: किती मुले फडावर जाणार आहेत आणि किती खाटा तयार आहेत. दिवाळीला ट्रॅक्टर गावात येतीलच. मुलांची नावे त्याआधी वसतिगृहाच्या पटावर चढली पाहिजेत.