विदर्भाच्या वेशीवरचा समुद्र

नदीकाठचा गाळ सोडला, तर अहिल्यानगर जिल्ह्यात कुठेही विहीर खणा, मुरमाखाली काळा पाषाणच लागतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाने डायनोसॉरांच्या काळातली जमीन इथे पार गाडून टाकली. ती उघडी पडते या लाव्हाच्या पूर्वेच्या कडेला: वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्यात, नागपुरात, तेलंगणातल्या आसिफाबादेत. तिथला एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. या भागात समुद्र आला होता का?

जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी 1987 मध्ये आसिफाबादचे सूक्ष्म पृष्ठवंशी जीवाश्म किनारी मैदानातले ठरवले. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात त्यांना पाकटाचे दात मिळाले होते, आणि पाकट हा मुख्यतः खाऱ्या पाण्याचा मासा. साहनींनी तर नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यांतून आत शिरलेला समुद्रच मांडला. पुढे 2009 मध्ये छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीत समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचे सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा या मताला बळ आले.

दुसरी बाजूही हलकी नाही. अशा गाळात बेडूक, कासवे आणि गोड्या पाण्यातल्या फायसा गोगलगायीही सापडतात. बेडकाला खारे पाणी सहसा सोसत नाही. उलट पाकटाच्या काही जाती ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यात आजही सुखाने राहतात, म्हणजे नुसत्या दातावरून समुद्र सिद्ध होत नाही. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत तर गवताचे अंश मिळाले (2005). आणि झिलमिलीचा थर डायनोसॉर संपल्यानंतरचा. तो पुरावा मागे ओढून त्यांच्या काळाला लावणे घाईचे.

आम्हाला मधला मार्ग पटतो, पण तडजोड म्हणून नव्हे. गोदावरीच्या बाजूने खाडीसारखा एखादा फाटा अधूनमधून आत आला असावा. द्वीपकल्पाचे दोन तुकडे करणारी सामुद्रधुनी मात्र या पुराव्यावर उभी राहत नाही.

निर्णय चाळणीतून निघणाऱ्या दातांवर आणि कवचांवर होणार आहे, हाडांच्या सांगाड्यांवर नव्हे. आपले संवर्धन मात्र हाडांभोवती फिरते. सिरोंचाजवळच्या वडधमला जीवाश्म उद्यान झाले, हे चांगलेच. पण मातीच्या पातळ थराला कोण कुंपण घालणार? नागपूरच्या गिट्टीखदानातून मासे आणि बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. आज तिथे दाट वस्ती आहे. उरलेल्या जागांतला गाळ रस्ते-खाणींची परवानगी देण्यापूर्वी चाळून, नमुने ठेवून मगच पुढे जावे, एवढी अट शासनाला जड नाही.